‘कोणत्याही’ आणि ‘सर्व’

२०२२ च्या हंगामाआधी फॉर्म्युला वनच्या नियमपुस्तकात एक लहानसा बदल झाला. सेफ्टी कारच्या नियमात जिथे ‘कोणत्याही गाड्या’ असे शब्द होते, तिथे ‘सर्व गाड्या’ असे शब्द आले. या एका शब्दावरून जगभर भांडणे झाली. त्यातले थोडे आमच्या घरातही झाले आणि ते अजून मिटलेले नाही. ज्यांना या शर्यतींशी काही देणेघेणे नाही त्यांनीही पुढे वाचावे, कारण मुद्दा गाड्यांपुरता राहत नाही.

कोकणातल्या आमच्यासारख्या मुस्लिम घरांत क्रिकेट जन्मापासून असते. फॉर्म्युला वन मात्र आखातातून आले, खजूर, अत्तर आणि दुधाच्या पावडरच्या डब्यांबरोबर. बहरीनमध्ये २००४ पासून ही शर्यत होते, अबुधाबीत २००९ पासून. २०२१ मध्ये कतार आणि जेद्दाची भर पडली. माझा थोरला मामेभाऊ, ज्याला आम्ही सगळे भाईजान म्हणतो, वीसेक वर्षे अबुधाबीत नोकरीला होता. बहरीनमध्ये जिंकणारे शॅम्पेन उडवत नाहीत, गुलाबपाण्याचे पेय उडवतात, ही बातमी आमच्या नानीपर्यंत त्यानेच पोहोचवली. नानीला बाकी खेळ कळला नाही, पण तेवढे आवडले.

भाईजान फेरारीचा. पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकणारा माझा भाचा लुईस हॅमिल्टनचा. २०२५ मध्ये हॅमिल्टनच फेरारीत गेला तेव्हा दोघांना नाइलाजाने एका बाजूला बसावे लागले. वाद मात्र कमी झाला नाही.

वादाचे मूळ आहे १२ डिसेंबर २०२१ ची अबुधाबीची शर्यत. हंगामातली शेवटची. हॅमिल्टन आणि मॅक्स वर्स्टापेन दोघांचे गुण अगदी सारखे, ३६९.५. (तो अर्धा गुण आला बेल्जियमहून. तिथे पावसामुळे सेफ्टी कारमागे दोन-तीन फेऱ्या मारून शर्यत उरकली आणि अर्धे गुण वाटले. त्यावरही पुढे नियम बदलला.) अबुधाबीत ५८ फेऱ्या होत्या. हॅमिल्टन बराच पुढे होता. ५३ व्या फेरीत निकोलस लतिफीची गाडी भिंतीवर आदळली आणि सेफ्टी कार बाहेर आली. वर्स्टापेनने ही संधी साधून नवे मऊ टायर चढवले. हॅमिल्टन जुन्या टायरवरच राहिला, कारण तो थांबला असता तर पहिली जागा गेली असती.

दोघांच्या मध्ये एक फेरी मागे पडलेल्या पाच गाड्या होत्या. आधी कळवले गेले की त्यांना पुढे जाऊ देणार नाही. मग शर्यतीचे संचालक मायकेल मासी यांनी निर्णय बदलला आणि फक्त त्या पाच गाड्यांना पुढे जाऊ दिले. नियमाप्रमाणे मागे पडलेली शेवटची गाडी पुढे गेल्यावर सेफ्टी कारने आणखी एक फेरी मारून मग आत यायचे असते. ती त्याच फेरीत आत आली. शेवटची एक फेरी उरली. नवे टायर विरुद्ध जुने टायर. पाचव्या वळणावर वर्स्टापेन पुढे गेला आणि जगज्जेता झाला.

मर्सिडीज संघाने तक्रार केली. रेड बुलच्या बाजूने म्हणणे आले की ‘कोणत्याही’ म्हणजे ‘सर्व’ नव्हे. पंचांनी तक्रार फेटाळली आणि सेफ्टी कारबाबत संचालकाचा अधिकार सर्वोच्च आहे, अशा अर्थाच्या दुसऱ्या कलमावर बोट ठेवले. पुढे मार्च २०२२ मध्ये एफआयए या नियामक संस्थेचा अहवाल आला. माणसाच्या हातून चूक झाली, हेतू चांगला होता, निकाल कायम. मासी यांना त्याआधीच फेब्रुवारीत पदावरून हटवले होते.

भाईजानचे म्हणणे असे, की लोक लांबून पैसे खर्चून आलेले असतात. वर्षभराचा फैसला सेफ्टी कारमागे रांगेत चालत व्हावा का? संचालकाने लोकांना शर्यत दिली. भाचा म्हणतो, “बडे मामू, मग नियमपुस्तक छापताच कशाला?”

खरे तर या खेळाला हा प्रश्न आपल्या देशातही विचारला गेला होता. ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशा तीन शर्यती झाल्या, तिन्ही सेबास्टियन वेटेलने जिंकल्या. त्या काळात हा खेळ मानायचा की करमणूक, यावरून करांचे वाद झाले आणि शर्यत पुढे इथे राहिली नाही. तेव्हा आम्ही हसलो होतो. पण अबुधाबीत शेवटच्या फेरीला नेमका तोच प्रश्न ट्रॅकवर उभा होता.

आमच्या बाजूला उन्हाळ्यात टेनिस बॉलच्या ओव्हरआर्म स्पर्धा होतात. मोहल्ल्या-मोहल्ल्यांचे संघ, बक्षिसाला कप आणि रोख रक्कम. पंच बहुतेक वेळा यजमान गावचाच असतो आणि दुपारी आयोजकांकडेच जेवतो. तो बेईमान असतो असे नाही. पण शेवटच्या षटकात सामना रंगावा असे त्यालाही वाटते, आणि वाइडचा हात थोडा लवकर किंवा थोडा उशिरा वर जातो. अबुधाबीबद्दल माझी शंका एवढीच आहे. ज्याने निकाल द्यायचा त्यानेच रंगतीचीही काळजी वाहायची, हे एका माणसाच्या डोक्यावर दोन घागरी देण्यासारखे झाले. त्यात दोन्ही संघांचे प्रमुख भर शर्यतीत रेडिओवरून त्याच्याशी थेट बोलत होते. तो थेट संपर्क नंतर बंद केला गेला. मला वाटते, शब्दाच्या बदलापेक्षा हा बदल मोठा होता.

आणि या सगळ्यात एका माणसाचे नाव कुणी घेत नाही. तिसऱ्या क्रमांकावर कार्लोस साइन्झ होता, फेरारीत. त्याच्या आणि वर्स्टापेनच्या मधल्या मागे पडलेल्या गाड्या हलवल्याच नाहीत. म्हणजे दुसऱ्याला पहिल्याशी लढायची वाट मोकळी करून दिली, तिसऱ्याला दुसऱ्याशी लढायची नाही. ‘कोणत्याही’ आणि ‘सर्व’ यांतला फरक तिथे उभा होता. भाईजान फेरारीचा असूनही हे त्याला भाच्याने दाखवावे लागले.

पण भाईजानला घाईने चुकीचे ठरवू नका. न्यायाचा प्रश्न त्याला दुसऱ्या जागी बोचतो.

१२ मे २००२, ऑस्ट्रिया. फेरारीचा रुबेन्स बॅरिकेलो पहिल्या जागेवरून सुटला आणि शर्यतभर पुढे राहिला. शेवटी संघाने त्याला सांगितले, मायकेल शूमाकरला पुढे जाऊ दे. हंगामातली ही फक्त सहावी शर्यत होती आणि आधीच्या पाचपैकी चार शूमाकरने जिंकल्या होत्या. त्याला त्या गुणांची गरज नव्हती. त्याने जगज्जेतेपद जुलैतच, सहा शर्यती बाकी असताना, खिशात घातले. बॅरिकेलोने अंतिम रेषेच्या अगदी जवळ येऊन वेग कमी केला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. शूमाकरने ओशाळून त्याला विजयमंचाच्या वरच्या पायरीवर उभे केले. दंड झाला तो या मंचावरच्या गोंधळाबद्दल. पुढच्या हंगामापासून निकालावर परिणाम करणाऱ्या संघादेशांवर बंदी आली.

भाईजान म्हणतो, “त्याने दहा फेऱ्या आधी वाट दिली असती तर कुणाला कळलेही नसते. त्याने रेषेवर दिली. सगळ्या दुनियेने बघावे म्हणून.”

हे बोलताना तो फेरारीचा राहत नाही. तो ज्या कंपनीत होता तिथे एक नवा मुलगा आला. त्याला साइटवरचे काम भाईजाननेच दोन वर्षे शिकवले. एके दिवशी वरून निरोप आला की आता हा तुमचा वरिष्ठ, फाइल त्याच्याकडे सोपवा. कारण सांगितले नाही. घरी तीन मुलांच्या फिया होत्या, व्हिसा कंपनीच्या हातात होता. भाईजानने फाइल सोपवली, पण सगळ्या कामगारांसमोर, दोन्ही हातांनी. आमच्यापैकी अनेकांच्या घरी असा एक तरी माणूस आहे. म्हणून बॅरिकेलोची गोष्ट आम्हाला समजावून सांगावी लागत नाही.

बंदीने काय साधले? २५ जुलै २०१०, जर्मनी. फेरारीचा फेलिपे मासा पुढे होता. बरोबर एक वर्षापूर्वी, २५ जुलै २००९ ला, हंगेरीत पुढच्या गाडीतून निसटलेली स्प्रिंग त्याच्या हेल्मेटवर आदळून तो मरता मरता वाचला होता. ती गाडी योगायोगाने बॅरिकेलोचीच होती. आता तो जिंकत होता आणि रेडिओवर त्याचा इंजिनिअर सावकाश, एकेक शब्द सुटा करत सांगत होता की फर्नांडो तुझ्यापेक्षा वेगवान आहे, समजले का? मासाला समजले. आपल्या सगळ्यांनाही समजले. फेरारीला एक लाख डॉलर दंड झाला, निकाल तसाच राहिला आणि २०११ पासून बंदीच उठवली गेली. अलोन्सोला ते सात जादा गुण मिळूनही तो त्या वर्षी वेटेलपेक्षा चार गुणांनी मागे राहिला.

संघादेश उघड करणे आणि फसवणूक करणे यांत मात्र अंतर आहे. २००८ च्या सिंगापूर शर्यतीत रेनो संघाच्या नेल्सन पिके ज्युनियरने मुद्दाम गाडी भिंतीवर घातली, कारण त्यातून आलेल्या सेफ्टी कारचा फायदा त्याच्या सहकारी अलोन्सोला होणार होता. हे वर्षभराने बाहेर आले. त्या शर्यतीत मासा पुढे होता आणि त्याच गोंधळातल्या पिट स्टॉपमध्ये त्याची वाट लागली. त्या वर्षी तो एका गुणाने जगज्जेतेपद हरला. त्यासाठी तो पुढे लंडनच्या न्यायालयात गेला आहे.

आता ताजा प्रसंग. सप्टेंबर २०२५, मॉन्झा. मॅक्लारेनचे दोन्ही ड्रायव्हर जगज्जेतेपदाच्या शर्यतीत. लँडो नॉरिस दुसरा, ऑस्कर पियास्त्री तिसरा. टायर बदलायला आधी पियास्त्रीला बोलावले, नॉरिसला भरवसा देऊन की यात तुझी जागा जाणार नाही. मग नॉरिसच्या पिट स्टॉपमध्ये चाकाचा खोळंबा झाला आणि त्याची जागा गेली. पियास्त्रीला सांगितले, जागा परत दे. तो रेडिओवर म्हणाला की संथ पिट स्टॉप हा शर्यतीचा भाग आहे असेच आपले ठरले होते, पण तुम्हाला हवेच असेल तर देतो. आणि दिली.

इथे आमच्या घरातल्या बाजू उलटल्या. भाईजान म्हणाला, शब्द दिला होता, तो पाळला, बरोबर केले. भाचा म्हणाला, चाक अडकणे हे नशीब, नशिबाची भरपाई दुसऱ्याच्या खिशातून का?

वर्षाअखेरीस नॉरिसचे ४२३ गुण झाले, वर्स्टापेनचे ४२१, पियास्त्रीचे ४१०. मॉन्झात दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेत तीन गुणांचा फरक होता. बाकी सगळे जसेच्या तसे घडले असते तर ती अदलाबदल न होता नॉरिस ४२० वर थांबला असता. हा हिशेब भाच्याने मला रात्री बारा वाजता फोनवर पाठवला. भाईजानने पाहिला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मग त्या पोराला कुणी सलाम तरी केला का?”

माझे मत विचाराल तर मी तीन गोष्टी पाहतो. नियम आधी सांगितला होता का? तो सगळ्यांना सारखा लागला का? आणि निर्णय देणाऱ्याचा त्यात काही फायदा होता का? ऑस्ट्रियात संघाची सोय सोडली तर गरजच नव्हती, आणि किंमत एकट्या बॅरिकेलोने दिली. मॉन्झात नियम आधी ठरला होता, पण त्याचा अर्थ ज्याचा त्याने वेगळा लावला. अबुधाबीत नियम लिहिलेला होता आणि तो पाच गाड्यांना लागला, बाकीच्यांना नाही.

भाईजानचा ‘लोकांना शर्यत हवी असते’ हा मुद्दा मला कळतो. तरी मी लिहिलेल्या नियमाच्या बाजूने आहे. ज्याच्या मागे मोठा संघ, मोठा वकील, मोठा आवाज असतो तो नियमाशिवायही निभावून नेतो. शर्यत रंगावी म्हणून, काम पुढे जावे म्हणून, वातावरण बिघडू नये म्हणून नियम जेव्हा थोडा बाजूला ठेवला जातो, तेव्हा तो सहसा लहान माणसाच्या बाजूने वाकत नाही. सरकारी कचेरीच्या खिडकीपाशी ‘हा नियम सगळ्यांना असतो, पण तुमच्या बाबतीत जरा बघावे लागेल’ हे वाक्य ज्याने ऐकले आहे, त्याला ‘कोणत्याही’ आणि ‘सर्व’ यांतला फरक व्याकरणाचा वाटणार नाही.

२००८ किंवा २०२१ चा निकाल आता बदलावा का? मला वाटते, नाही. वर्स्टापेनने नियम मोडला नव्हता. मिळालेल्या वाटेवर त्याने गाडी चालवली. अन्यायाची नोंद व्हावी, नियम दुरुस्त व्हावा, आणि जो हरला त्याचे नाव त्या नोंदीत असावे. भाच्याला हे पटत नाही. तो म्हणतो नोंदीने कप परत येत नाही. २०२६ पासून इंजिनाचे आणि गाडीच्या रचनेचे नियम पुन्हा नव्याने लिहिले गेले आहेत. त्याने ते सगळे वाचायला घेतले आहेत, आणि ‘कोणत्याही’ हा शब्द दिसला की तो खाली पेन्सिलीने रेघ ओढतो.