नर्सी ते औंढा, बापासंगं

दोस्तहो, मी सूतगिरणीत रिंगखात्यात कामाला आहे. आठ तास साच्यापुढं चालायचं. धागा तुटला की जोडायचा, पुढं सरकायचं, पुन्हा मागं फिरायचं. एका पाळीत कैक कोस होत असतील, पण माणूस त्याच गल्लीत. गेल्या पावसाळ्यात एक खाडा केला अन् खरंखुरं चाललो. नर्सीपासून औंढ्यापर्यंत, दिवसभर, बापासंगं. त्या दिवसाचं हे सांगणं.

निघायच्या आधी चळवळीतला एक मित्र हसला. "काय लेका, देवदर्शनाला चाललास का?" म्हणलं, "दर्शनाला नाही. बघायला चाललोय."

हिंगोलीहून सकाळच्या गाडीनं नर्सीला उतरलो. कयाधूला गढूळ पाणी होतं. नर्सी हे नामदेवाचं गाव. शिंप्याचं पोर, गात गात पंजाबात पोचलं. त्याची ६१ पदं शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. म्हणून इथं देऊळ आहे तसा गुरुद्वाराही आहे. बापानं हात जोडले नाहीत, पण डोक्यावरची टोपी नीट केली.

मग शिवाराची वाट धरली. सोयाबीन गुडघ्याला लागत होतं. काळी माती चपलेला बिलगून एकेक चप्पल दोन शेराची झालेली. बाप पुढं, मी मागं. जन्म रोजंदारीत गेला त्याचा, पाय माझ्यापेक्षा पक्के. मधे आमचं जुनं गाव लागलं. नाव लिहीत नाही. बाप गावात शिरला नाही, बाहेरून वळसा घातला आणि डोंगराला लागला.

दुपारी एका ओढ्यापाशी आलो. पावसाळ्यात हा ओढा काळ्या कपारीवरून खाली उडी घेतो. उन्हाळ्यात तिथं टिपूस नसतो. नकाशात त्याला नाव नाही. मी भाकर सोडली. बाप बसला नाही. पाण्याकडं बघत उभा राहिला.

"इथंच व्हतो आम्ही," म्हणाला.

"कवा?"

"नामांतराच्या साली. मी सात वर्साचा."

मग तो बोलत राहिला, पाण्याकडं बघत. रात्री वस्ती पेटली. आज्यानं त्याला बोटाला धरलं, आजीनं सहा महिन्याच्या लेकीला पोटाशी बांधलं अन् अंधारात डोंगर चढले. धाकटी भुकेनं रडू लागली. तोंड दाबावं तर लेकरू जाईल, सोडावं तर आवाज खाली जाईल. आजीच म्हणाली, पाण्याच्या मागं चला. धारेआड कपारीत चौघं दोन रात्री बसले. लेकरू रडत राहिलं, पण पाण्याच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही.

ते लेकरू म्हणजे माझी आत्या. ती घरातसुद्धा ओरडून बोलते म्हणून आम्ही पोरं तिला हसतो.

दोस्तहो, मी दर १४ जानेवारीला नामांतरावर भाषण करतो. २७ जुलै १९७८ चा विधिमंडळाचा ठराव, त्यानंतर पेटलेला मराठवाडा, टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंचा खून, सोळा वर्षांचा लढा, १९९४ चा नामविस्तार. सगळं तोंडपाठ. टाळ्याही पडतात. बाप मागं सतरंजीवर बसलेला असतो. आणि हे मला ठाऊक नव्हतं.

"बाबा, कधी बोलला नाहीत?"

"इचारलंस का कवा? तुम्ही पोरं पुस्तकातलं इचारता."

भाकर घशाखाली उतरंना. पाणी प्यालो, उठलो.

दिवस कलताना औंढा आलं. नागनाथाचं देऊळ बाहेरून बघितलं. खालचं काम काळ्या दगडाचं, यादवांच्या काळातलं. बोटभर जागा कोरायची ठेवलेली नाही. वरचं शिखर नंतरचं, पांढरं. नंदी समोर नाही, देवळाच्या पाठीमागं आहे. त्याची गोष्ट लोक सांगतात. नामदेव कीर्तन करत होता, त्याला पुजाऱ्यांनी हाकललं. तो मागं जाऊन गाऊ लागला, तर अख्खं देऊळ त्याच्याकडं फिरलं.

मी बापाला म्हणलं, नामदेवासाठी फिरलं. पण त्याच नामदेवाचा सोबती चोखोबा. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाची भिंत अंगावर पडून मेला. नामदेवानं त्याची हाडं पंढरपूरला नेली असं सांगतात. समाधी झाली ती देवळाच्या पायरीशी. आत जायला चोखोबाच्या माणसांना १९४७ साल उजाडावं लागलं. तेही साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. नाशिकला १९३० साली बाबासाहेबांनी काळारामाच्या दारात सत्याग्रह मांडला, वर्षानुवर्षं चालला, पण ते दारसुद्धा फिरलं नाही. मग १९५६ साली आपणच फिरलो.

बाप म्हणाला, "फिरलं का न्हाई ते ऱ्हाऊ दे. पण सातशे वर्सं लोक सांगायलेत बघ."

तिथंच मी अडलो. देऊळ फिरल्याची गोष्ट सातशे वर्षं टिकली, कारण एकानं दुसऱ्याला सांगितली. माझ्या आजीची गोष्ट पन्नास वर्षांत पुसायला आली होती. आजी गेली, आजा गेला. आत्याला काही आठवायचं नाही. उरला एक बाप, अन् मी त्याला विचारलं नव्हतं. नर्सीला कमान आहे, औंढ्याला पाटी आहे. त्या कपारीला काय आहे? शेवाळ.

म्हणून एवढंच म्हणणं आहे. मोर्चे काढू, भाषणंही करू. पण तुमच्या घरात, वस्तीत १९७८ बघितलेलं एखादं म्हातारं माणूस अजून असेल. त्याला घेऊन त्याच्या वाटेनं एक दिवस चाला. घरात खाटंवर बसवून विचारलं तर ते बोलत नाही. त्या जागेवर नेलं की बोलतं. बोललं की लिहून घ्या. गावाचं नाव, साल, कोण कुणाला घेऊन पळालं, कुठं लपलं, कुणी भाकर दिली. भाकर देणारेही होते, त्यांचंही लिहा.

रात्री शेवटच्या गाडीत बाप खिडकीला डोकं टेकून झोपला. त्याच्या पायाला दोन फोड आले होते, बोलला नव्हता. मी मागच्या तिकिटावर पेन्सिलीनं लिहीत राहिलो. सकाळी पहिल्या पाळीला साच्यापुढं उभा राहिलो. धागे तुटत होते, जोडत होतो.

जयभीम.