खोपटहून वेळासला

कामानिमित्त ठाण्याला गेलात तर खोपटचे एस.टी. स्थानक आपल्या पाहण्यात आले असेल. कोकणच्या गाड्या तेथून सुटतात. सुगी आटोपून दोन दिवस सवड मिळाली, तर मार्च महिन्यात मंडणगड गाठा व तेथून वेळासला जा. बाणकोट खाडीच्या दक्षिणेस असलेले हे गाव नाना फडणविसांचे. पण हल्ली माणसे तेथे जातात ती समुद्री कासवाची पिल्ले पाहावयास.

आपल्या विहिरीतल्या कासवाहून हे प्राणी निराळे. यांना मान कवचात ओढून घेता येत नाही आणि पाय वल्ह्यासारखे चपटे असतात. कोकण किनाऱ्यावर येते ती मुख्यतः ऑलिव्ह रिडले जात. थंडीच्या दिवसांत मादी रात्री वाळूवर चढते, हात-दीड हात खड्डा खणून शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि वाळू लोटून निघून जाते. उबवण्याचे काम वाळूचे! कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस लागतात, याला पन्नासाच्या वर. वाळू जास्त तापली तर माद्या निपजतात, थंड राहिली तर नर. उन्हाळा वर्षानुवर्षे असाच वाढत गेला तर नर कोठून यायचे?

पूर्वी ही अंडी माणसे उकरून नेत. उरलेली कुत्री व कोल्ही फस्त करीत. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्गमित्र’ संस्थेची मंडळी समुद्री गरुडाच्या पाहणीसाठी आली असता त्यांना अशी टरफले दिसली. त्यांनी गावच्याच माणसांना राखणीस घेतले. आता अंडी जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोल पुरतात आणि पिल्ले निघाली की सकाळ-संध्याकाळ समुद्राकडे सोडतात. पाहुणे गावातल्या घरांतूनच उतरतात, म्हणून जेवणाखाण्याचे पैसे घरधनिणीच्या हाती पडतात. विस्तार खात्यात इतकी वर्षे काढल्यावर मला वाटते, राखण टिकली आहे ती यामुळेच. जाताना बॅटरी मात्र पिशवीतच ठेवा. उजेडाने पिल्ले वाट चुकतात.

किनाऱ्यावर हे जमले. समुद्रात मात्र अवघड आहे. कासव फुप्फुसाने श्वास घेते. ट्रॉलरच्या जाळ्यात ते फार वेळ अडकले की गुदमरून मरते. शिवाय ते एका जागी राहत नाही. २०२३ साली गुहागरला पाठीवर यंत्र बसवून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली.

आणि जाळे कापायचे म्हणजे कोळ्याने आपले भांडवल कापायचे. आपल्या उभ्या पिकात रानडुक्कर शिरले तर आपण काय करतो, ते आठवा म्हणजे त्याची अडचण कळेल. २०१८ च्या अखेरीस राज्य सरकारने संरक्षित जलचर सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमारास २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याचे ठरविले. त्यासाठी कापलेल्या जाळ्याचे आणि सोडलेल्या प्राण्याचे फोटो काढावे लागतात. भर समुद्रात, हलत्या होडीवर, तडफडणारे कासव समोर असताना.