हात कोणाचा, नाव कोणाचे

अंतर्गत परीक्षेला न आलेल्या विद्यार्थ्यांची कारणे आम्हांला आता तोंडपाठ झाली आहेत. आजारपण, घरचे लग्न, पेरणी, पुराने बंद पडलेला रस्ता. गेल्या हिवाळ्यात एम. ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलाने मात्र वेगळे कारण दिले. "सर, सीझन संपून राह्यला होता." वऱ्हाडात सीझन म्हटले की तो कापसाचा, असे गृहीत धरायची आमची सवय. मुलाचे वडील मूर्तिजापूरकडे जिनिंगमध्ये हंगामी कामाला जातात हे ठाऊक होते, त्यामुळे आम्ही सहानुभूतीने मान डोलावली. पुढे दोन वाक्यांत उलगडा झाला. हा सीझन मोबाइलवरच्या खेळाचा होता आणि त्या आठवड्यात मुलगा रात्र रात्र जागून दुसऱ्यांच्या नावाने खेळत होता, पैसे घेऊन.

आम्ही म्हणजे दोघे. एक अमरावतीला शिकवतो, दुसरा अकोल्याला. एम. ए. एकत्र केले, आणि बडनेरा ते अकोला या गाडीतले आमचे वाद वीसेक वर्षे चालू आहेत. हा विषयही प्रथम गाडीतच निघाला. एकाचे म्हणणे, खेळच तो, त्यात कोणाचे काय बिघडते? दुसऱ्याचे म्हणणे, काहीतरी बिघडते खरे, पण काय ते सांगता येत नाही. शेवटी एका रविवारी अकोल्याला त्या मुलालाच बोलावून घेतले आणि आमची शिकवणी सुरू झाली.

खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया'. २ सप्टेंबर २०२० रोजी 'पबजी मोबाइल'वर बंदी आली, त्यानंतर २०२१ मध्ये त्याच खेळाचा हा भारतासाठीचा अवतार आला. एका बेटावर शंभर जण उतरतात आणि शेवटी उरणारा जिंकतो. जिंकण्याहरण्यावरून खेळाडूची श्रेणी ठरते. ब्राँझपासून सुरुवात, मग सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, क्राउन, एस आणि सर्वांत वर मोजक्यांना मिळणारे 'कॉन्करर' हे पद. सीझन संपला की सगळे काही पायऱ्या खाली घसरतात आणि चढण पुन्हा सुरू होते. म्हणून सीझनअखेर या मुलाकडे गिऱ्हाईक येते. गिऱ्हाइकाने आपली आयडी आणि पासवर्ड द्यायचा. याने रात्री दहा ते तीन त्या आयडीवरून खेळून श्रेणी चढवून द्यायची. इंग्रजीत याला बूस्टिंग म्हणतात, ही मुले 'रँक पुश' म्हणतात. मिळालेल्या पैशांत याचे खोलीचे भाडे निघत होते.

"सर, म्या चोरी नाही केली," तो म्हणाला. "त्याले रँक पाह्यजे होती, म्या चढवून देल्ली. रात्रभर जागलो त्याचे पैसे घेतले. मंग याच्यात वाईट काय आहे?"

प्रश्न सरळ होता आणि आमच्याजवळ सरळ उत्तर नव्हते. म्हणून आधी त्याच्या बाजूने जे बोलता येईल ते बोलून पाहिले. त्याचे कौशल्य खरे आहे. त्याचे श्रम खरे आहेत. गिऱ्हाईकही लबाडच असते असे नाही. दिवसभर दुकानात उभा राहणारा, मित्र पुढे निघून गेले म्हणून एकटा पडलेला एखादा तरुण त्यांच्याबरोबर खेळता यावे म्हणून पैसे मोजतो. ज्याच्याजवळ वेळ आहे तो वेळ देऊन चढतो, ज्याच्याजवळ पैसा आहे तो पैसा देऊन चढतो. रिकामपण तेवढे पवित्र आणि पगार तेवढा अपवित्र, असे का मानावे? हा युक्तिवाद आम्हांला आजही पोकळ वाटत नाही.

खुद्द कंपनीही खेळात काही ना काही विकतच असते. या खेळात 'यूसी' नावाचे चलन रोख रुपयांनी मिळते आणि त्यातून पोशाख, बंदुकीवरची नक्षी असा साज घेता येतो. हौसेने घेतलेल्या साजाने दुसऱ्याची गोळी चुकत नाही. ज्याला भरजरी अंगरखा घालून मरायचे आहे त्याने खुशाल मरावे. घरच्यांच्या खात्यातले पैसे मुलांनी उडवण्याचा प्रश्न गंभीर आहे, पण तो घराचा आणि खिशाचा. खेळाच्या न्यायाला त्यामुळे धक्का लागत नाही.

चलनातून बळच मिळू लागले की मात्र गोष्ट बदलते. २००४ मध्ये आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळाच्या काळात चीनमध्ये पाळ्या लावून माणसे खेळायला बसवली जात. खेळातले सोने गोळा करायचे आणि ते अमेरिका-युरोपातल्या खेळाडूंना खऱ्या पैशाने विकायचे, हा त्यांचा रोजगार. असे सोने बाजारात ओतले गेले की खेळातल्या वस्तूंचे भाव चढतात आणि आपल्या हाताने चार नाणी जमवणारा नवखा खेळाडू बाजाराबाहेर फेकला जातो. कापसाच्या बाजारात आयुष्य काढलेल्या वऱ्हाडी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. 'डायाब्लो ३' या खेळाच्या कर्त्यांनी २०१२ मध्ये खऱ्या पैशाचा लिलावबाजार स्वतःच खेळात मांडला, आणि मार्च २०१४ मध्ये स्वतःच तो उठवला. राक्षस मारून शस्त्र मिळवणे हा त्या खेळाचा गाभा. शस्त्र लिलावात मिळू लागल्यावर राक्षस मारायचा कशाला? दुकान चालत असतानाही खेळ मरू शकतो, हे दुकानदारालाच उमगले.

आमच्या विद्यार्थ्याने तर सोने विकले नव्हते, शस्त्रही विकले नव्हते. त्याने विकली होती श्रेणी. मग श्रेणी म्हणजे काय, हे विचारावे लागले. त्याच्याच सांगण्यातून आम्हांला कळले की श्रेणी नुसती शोभेची नसते. कोणाची गाठ कोणाशी घालून द्यायची हे यंत्र बऱ्याच अंशी श्रेणी पाहून ठरवते. तेव्हा श्रेणी ही त्या माणसाविषयीची साक्ष आहे आणि त्या साक्षीवर विसंबून इतर नव्याण्णव जण मैदानात उतरतात. मुलगा गिऱ्हाइकाच्या खालच्या श्रेणीत खेळतो तेव्हा तेथल्या नवशिक्यांपुढे अचानक एक पट्टीचा मल्ल उभा राहतो. चढलेली आयडी गिऱ्हाइकाच्या हाती परत गेली की उलटे होते. अनोळखी तीन जोडीदार त्याला क्राउनचा गडी समजतात आणि पहिल्या चकमकीतच त्यांचा भ्रमनिरास होतो. व्यवहार दोघांत झाला, नुकसान तिसऱ्याचे झाले, आणि त्या तिसऱ्याला कोणी विचारले नव्हते.

"गावच्या कबड्डीत नाही का बाहेरचे गडी आणत?" मुलाने विचारले. आणतात. वऱ्हाडच काय, महाराष्ट्रभर गावोगावच्या स्पर्धांत हे चालते. आमच्या अमरावतीला कबड्डीचा अभिमान मोठा. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक दाखवले होते. तरीही त्याच्या प्रश्नाचे उत्तर कबड्डीतच सापडते. आणलेला गडी मैदानात सदेह उभा असतो. समोरचा संघ त्याला पाहतो, कुजबुजतो, पंचांकडे तक्रार करतो, नाहीतर ताकद जोखून डाव बदलतो. मोबाइलच्या मैदानात देह दिसत नाही, नाव तेवढे दिसते. तेथे नावामागचा हात बदलला तर सगळेच बदलले आणि कोणाला काही कळले नाही.

महाभारतातले द्यूत आम्ही वर्गात अनेकदा सांगतो, पण त्यातल्या एका तपशिलाकडे या मुलामुळे नव्याने लक्ष गेले. पणाचे धन दुर्योधनाचे, फासे टाकणारा शकुनी. एकाने दुसऱ्याच्या वतीने खेळणे योग्य वाटत नाही, असे युधिष्ठिर सभापर्वात बोलून दाखवतो आणि तरीही खेळायला बसतो. त्याचे बसणे ही चूक असेल. पण समोर कोण खेळतो आहे हे त्याला दिसत होते, हरकत घेण्याची संधी मिळाली होती. बूस्टिंगमध्ये शकुनी दुर्योधनाचे तोंड लावून बसलेला असतो.

दक्षिण कोरियाने २०१८ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून हा धंदा गुन्हा ठरवला. २०१९ पासून ती अमलात आली आणि तीत दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा झाला. त्याच कायद्याने ई-क्रीडेला मात्र उत्तेजन दिले. ज्याला क्रीडा म्हणायचे तेथे श्रेणी खरी असली पाहिजे, एवढे तरी यातून निघते. तरी खोलीभाड्यासाठी जागणाऱ्या पोराला तुरुंग दाखवावा, असे आम्हांला वाटत नाही. असे म्हणण्याचा अधिकारही आम्हांला नाही. त्याचे कारण आता सांगणे भाग आहे.

वीसेक वर्षांपूर्वी आम्ही दोघेही तासिका तत्त्वावर शिकवत होतो. मानधन वर्षाअखेरीस, तेही तुटपुंजे. त्या काळात आम्हांपैकी एकाने एका परिचिताच्या पीएच.डी. प्रबंधाची तीन प्रकरणे लिहून दिली, पैसे घेऊन. दुसऱ्याला ते ठाऊक होते आणि तो गप्प राहिला. म्हणून कोणी लिहिली हे येथे सांगण्याची गरज नाही. तेव्हा आमचेही म्हणणे हेच होते की श्रम आमचे, रात्री आमच्या, चोरी कसली? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यासंबंधी नियम केले, साम्य शोधणारी सॉफ्टवेअर आली. ती उतारे पकडतात. दुसऱ्याने नव्याने लिहिलेले पान त्यांना कसे पकडता येणार? ते पान कोठूनच उचललेले नसते. खेळातले यंत्रही आपोआप नेम धरणारी लबाड प्रणाली शोधू शकते. खऱ्या हाताने मारलेला खरा नेम खराच दिसतो.

त्या रविवारी हे आम्ही मुलाला सांगितले. सांगताना अपेक्षा होती की तो ओशाळेल किंवा हसेल. त्याने वेगळेच विचारले. "सर, मंग त्या सरांची पदवी काऊन नाही काढून घेतली कोनं? माही आयडी तं सापडली का बॅन होते."

ते सर पुढे मार्गदर्शक झाले. त्यांच्या हाताखाली विद्यार्थ्यांनी प्रबंध लिहिले. मुलाखतीच्या समित्यांवर ते बसले आणि त्यांनी कोणाला तरी नाकारलेही असेल. खेळातला नवशिका एक डाव हरतो आणि दुसऱ्या डावाला बसतो. आमच्या त्या तीन प्रकरणांमुळे जो कोणी हरला असेल त्याला दुसरा डाव मिळाला की नाही, आम्हांला माहीत नाही. तो कोण, हेही माहीत नाही. गाडीत ज्याचे म्हणणे 'कोणाचे काय बिघडते' असे होते, तो त्या दिवशी परतीच्या प्रवासात काही बोलला नाही.

मुलाला आम्ही एकच भेद सांगू शकलो. कौशल्य विकायला हरकत नाही, कौशल्याचा पुरावा विकू नये. आयडी घेऊन खेळण्याऐवजी गिऱ्हाइकाला शेजारी बसवून शिकव, हात त्याचाच राहू दे. त्याचे पैसे निःशंक घे. त्याने ते मनावर घेतले. नंतरच्या सीझनला परीक्षेला तो हजर होता. कमाईचे विचारले तर म्हणाला, "निम्म्यावर आली, सर. शिकाले कोनाजवळ वेळ आहे?"

भाड्याचे कसे जमवतोस, हे विचारायला हवे होते. त्या दिवशी आम्ही ते विचारले नाही.