सापशिडी

अमेरिकेत मुलाकडे सहा महिने राहून आलेल्या माणसाने परतल्यावर काय सांगावे, याचे काही संकेत ठरून गेले आहेत. नायगारा, रुंद रस्ते आणि ‘तिकडे कुणी हॉर्न म्हणून वाजवत नाही हो!’ एवढे झाले की ऐकणारा सुटतो आणि सांगणाराही सुटतो. मी मात्र अमेरिका पाहिली ती बव्हंशी सोफ्यावर बसून. डॅलसच्या ज्या उपनगरात आमचे चिरंजीव राहतात तिथे पायी जाण्याजोगे काही नाही. सकाळी मुलगा नि सूनबाई कामावर गेली की घरात आम्ही दोघे आणि टीव्ही.

पहिल्या आठवड्यातच सौभाग्यवतींना एक वाहिनी सापडली. तिच्यावर दिवसभर घरे. पडके घर स्वस्तात घ्यायचे, ते दुरुस्त करून नटवायचे आणि चढ्या भावाने विकून मोकळे व्हायचे. तिकडे याला ‘फ्लिप’ करणे म्हणतात. म्हणजे उलटणे, आपण तव्यावरची भाकरी उलटतो तसे! कॅलिफोर्नियातले एक जोडपे २०१३ सालापासून कितीतरी वर्षे ‘फ्लिप ऑर फ्लॉप’ नावाच्या कार्यक्रमात हेच करीत होते. अर्ध्या तासाचा खेळ. त्यातल्या जाहिराती वजा केल्या तर उरतात बावीस-तेवीस मिनिटे. तेवढ्यात घर विकत घेतले जाते, भिंती कोसळतात, एखादे संकट येते, ते टळते, स्वयंपाकघरात संगमरवरासारखा ओटा बसतो आणि अखेरीस पडद्यावर नफ्याचा आकडा झळकतो.

“अहो, काय हो ही माणसं! आपल्याकडे साधी मोरी दुरुस्त करायला तीन आठवडे लागले होते,” सौभाग्यवती म्हणाल्या.

मी हसलो. परंतु आता कबूल करायला हरकत नाही, की चौथ्या आठवड्यापर्यंत माझे हसणे थांबले होते. मी तीस वर्षे बँकेच्या कर्जखात्यात काढली. लोकांच्या गुलाबी अंदाजपत्रकांवर लाल शाई फिरवण्यात माझी हयात गेली. असा मी, पडद्यावरचा तो नफ्याचा आकडा पाहून मनातल्या मनात त्याला डॉलरच्या भावाने गुणू लागलो होतो!

आणि एका रविवारी चिरंजिवांनी जेवताना विषय काढला. त्याने आणि त्याच्या कचेरीतल्या एका मित्राने मिळून एक जुने घर हेरले होते. हिशेब त्याने कागदी रुमालावर मांडून दाखवला. खरेदी २ लाख २० हजार डॉलर, दुरुस्ती ५० हजार, विक्री ३ लाख ३० हजार. नफा ६० हजार!

“बाबा, तुम्हाला काय वाटतं?”

मला काय वाटले हे मी सांगायला हवे होते. पण मीही ते कार्यक्रम पाहत होतो ना! मी नुसतेच म्हणालो, “जपून कर.” रात्री सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, “आपली ती ठेव पडूनच आहे. थोडी मदत करू या का?” मी नाही म्हटले नाही. ‘बघू’ म्हटले. कर्जखात्यातल्या माणसाच्या तोंडी ‘बघू’ म्हणजे निम्मा होकारच!

घर घेतले. एका शनिवारी आम्हीही पाहायला गेलो. पडद्यावर भिंत फोडण्याचा समारंभ असतो. सगळे हसत हसत घणाचे घाव घालतात. इथे भिंत फोडायच्या आधीच नगरपालिकेच्या परवान्यासाठी थांबावे लागले. घर १९७८ पूर्वीचे, म्हणजे रंगात शिसे असण्याचा संभव. घरांसाठी तसला रंग अमेरिकेत १९७८ सालीच बंद झाला, आणि २०१० सालापासून अशा जुन्या घरात मोबदला घेऊन रंग खरवडायचा, भिंत पाडायची, तर प्रशिक्षण घेतलेली माणसे लागतात, धूळ घरभर पसरू नये म्हणून बंदोबस्त लागतो. ती धूळ लहान मुलांच्या पोटात गेली तर त्यांच्या मेंदूला अपाय होतो. पडद्यावर हे सगळे कुठे दिसते? टेक्सासमधल्या वेको गावी चित्रित झालेला ‘फिक्सर अपर’ हा कार्यक्रम तर फारच लोकप्रिय. त्या कार्यक्रमामागच्या कंपनीने शिशाच्या नियमांबद्दलच्या आक्षेपांवरून २०१८ साली सरकारी पर्यावरण खात्याशी तडजोड केली आणि ४० हजार डॉलर दंड भरला. कार्यक्रमात घणाचे घाव दिसले होते, धूळ दिसली नव्हती.

मग जमिनीखालचा साप निघाला. डॅलसकडची माती चिकण. पाऊस पडला की फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वरच्या घराला हलवते. काँक्रीटच्या लादीखालचे बिडाचे जुने नळ फुटलेले निघाले. लादीखालून बोगदा खणून ते बदलावे लागले. पन्नास हजारांची दुरुस्ती अडुसष्ट हजारांवर गेली. तीन महिन्यांचे काम लांबले, आणि विकून हात मोकळे व्हायला आठ महिने लागले.

आम्ही तोवर डोंबिवलीला परतलो होतो. फोनवर चिरंजीव घराचा विषय टाळू लागले. एका पहाटे, म्हणजे तिकडच्या संध्याकाळी, मीच विचारले, “किती गेले?” पलीकडे क्षणभर काही आवाज नाही. मग म्हणाला, “तुम्हाला कसं कळलं?” नफा झाला असता तर त्याने पहिला फोन आईला केला असता, हे ओळखायला कर्जखाते कशाला हवे?

मी वही काढली आणि आम्ही दोघांनी हिशेब मांडला. खरेदी २ लाख २० हजार. खरेदीच्या वेळचा कागदपत्रांचा खर्च ५ हजार. दुरुस्ती ६८ हजार. अशा धंद्याला पैसा पुरवणाऱ्या खासगी सावकाराचे २ लाख ४० हजारांवर दहा टक्क्यांनी आठ महिन्यांचे व्याज १६ हजार. घरपट्टी ३ हजार. रिकाम्या घराचा विमा, वीज, पाणी आणि गवतकापणी मिळून ३ हजार. घर विकले ३ लाख २५ हजारांना. त्यावर सहा टक्के दलाली साडेएकोणीस हजार. विक्रीचा कागदोपत्री खर्च ४ हजार. बेरीज ३ लाख ३८ हजार ५००. तोटा साडेतेरा हजार डॉलर, दोघांत वाटून. शिवाय आठ महिन्यांचे शनिवार-रविवार. त्यांची किंमत कुणी धरली नाही.

कागदी रुमालावरचे तीन आकडे खोटे नव्हते. त्यांच्या मधले सहा आकडे गाळलेले होते, एवढेच. आणि वाचकहो, हे कार्यक्रम खरे की खोटे, या प्रश्नाला माझे उत्तरही तेच आहे. त्यात लबाडी अगदीच नसते असे नाही. ‘हाऊस हंटर्स’ नावाच्या जुन्या कार्यक्रमात कुटुंबे तीन घरे पाहून एक निवडतात. २०१२ साली भाग घेतलेल्या एका बाईंनी सांगून टाकले, की आमचे घर आधीच ठरलेले होते आणि बाकीची ‘पाहायची’ घरे आमच्या ओळखीच्यांची होती! पण मोठी फसगत अशा नाटकाने होत नाही. घर खरे असते, सुतार खरा असतो. काढून टाकलेला असतो तो काळ. आणि व्याज काळावर चढते, हे मी तीस वर्षे लोकांना सांगत आलो होतो.

जाणत्यांचीही यात फसगत होते. घरांच्या किमती संगणकावर वर्तवणारी झिलो ही बडी अमेरिकन कंपनी स्वतः घरे घेऊन विकण्याच्या धंद्यात उतरली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तिने तो धंदा बंद करण्याचे जाहीर केले. घेतलेल्या घरांपायी तिला कोट्यवधी डॉलरांची रक्कम बुडीत धरावी लागली.

इंग्लंडात असाच एक कार्यक्रम २००१ साली सुरू झाला. त्याचे नाव ‘प्रॉपर्टी लॅडर’, म्हणजे मालमत्तेची शिडी. हौशी माणसे तज्ज्ञ बाईंचा सल्ला धाब्यावर बसवीत आणि तरीही पुष्कळदा नफ्यात राहत, कारण बाजारच चढता होता. २००८ साली बाजार कोसळला, आणि पुढच्या वर्षी कार्यक्रमाचे नावच बदलले: ‘प्रॉपर्टी स्नेक्स अँड लॅडर्स’. सापशिडी! खेळ मुळात आपल्याकडचाच. आपल्या मोक्षपटात शिड्या पुण्याच्या आणि साप लोभाचे, क्रोधाचे असत. तिकडच्यांना साप आठवायला बाजार कोसळावा लागला. मला स्वतःचा मुलगा पडेपर्यंत आठवला नाही, तेव्हा मी त्यांना काय बोलू?

ठेवीतले पैसे आम्ही अखेर पाठवलेच. नफ्यासाठी नव्हे, सावकाराचे उरलेसुरले देणे मिटवण्यासाठी. चिरंजिवांनी ‘परत करीन’ म्हटले. मी म्हटले, “बघू.” या खेपेच्या ‘बघू’त मात्र पुरता नकार होता.

परवा आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळू लागला. प्लंबर ‘आत्ता येतो’ म्हणून गेला त्याला आज तिसरा दिवस. नळाखाली बादली आहे. सौभाग्यवती दर दोन तासांनी ती उचलून झाडांना घालतात आणि टीव्ही लावतात. ती वाहिनी इथेही दिसू शकते, असे शेजारच्या मुलाने सांगितले. सौभाग्यवती म्हणाल्या, “नको रे बाबा. त्यांचा नळ बावीस मिनिटांत बसतो. मग आमचा जीव उगीच वरखाली!”

दारावरची घंटा वाजली. प्लंबर नव्हता. चिरंजिवांचा मित्र सुट्टीवर आला होता. त्याने चिरंजिवांकडून आणलेले एक पाकीट हातात ठेवले. पाकिटात छायाचित्र होते. त्या विकलेल्या घराच्या ओसरीवर नवे मालक, त्यांची दोन लहान मुले आणि एक कुत्रा. मागे चिरंजिवांच्या अक्षरात एकच ओळ : ‘बाबा, रंगात शिसं नाही, एवढं मात्र नक्की.’

वहीत जमेच्या बाजूला मी ते छायाचित्र चिकटवून ठेवले आहे.