पानं वाढत गेलेलं पुस्तक

१९५२ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ते पहिल्यांदा काढलं तेव्हा त्याची पानं जेमतेम एकशे तीस होती. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ती नऊशेच्या वर गेली. मनोविकारांच्या निदानाचे निकष सांगणाऱ्या या पुस्तकाचं नाव डीएसएम. ते तोलूनमापून बोलतं, आवाज कधी चढवत नाही. आपण पूर्वी काय म्हणालो होतो, याची मात्र फारशी आठवण काढत नाही.

बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्येच अकरा मुलांचं बारकाईने वर्णन करून स्वमग्नता (ऑटिझम) वेगळी ओळखली होती. पुस्तकाने ते लवकर मनावर घेतलं नाही. पहिल्या दोन आवृत्त्यांत ही मुलं बालपणीच्या स्किझोफ्रेनियात गणली गेली. आईच्या कोरडेपणामुळे मूल असं होतं, असं त्या काळी मोठमोठे डॉक्टर सांगत. किती आया हा ठपका घेऊन जगल्या असतील! १९८० मध्ये स्वमग्नतेला पुस्तकात स्वतःची जागा मिळाली, तीही तीस महिन्यांच्या आत लक्षणं दिसली तरच.

१९९४ मध्ये एस्पर्जर हे नाव आत आलं. नीट बोलणारी, हुशार, पण चार माणसांत गोंधळणारी कितीतरी मंडळी त्यात स्वतःला सापडली. २०१३ मध्ये ते नाव काढून सगळ्यांना एकाच वर्णपटात (स्पेक्ट्रममध्ये) घेतलं, तेव्हा त्यांना ते लागलं. तरी मला हा बदल योग्य वाटतो. कारण तोवर एकाच मुलाला एक दवाखाना एस्पर्जर म्हणे, दुसरा ऑटिझम.

त्या आवृत्तीतल्या ज्या ओळींबद्दल मला खरी कृतज्ञता वाटते, त्या वेगळ्याच. मिक्सर सुरू झाला की मूल कान दाबून धरतं, शर्टाच्या कॉलरमागची चिठ्ठी त्याला सहन होत नाही, हे आया वर्षानुवर्षं सांगत होत्या. निकषांत त्याला जागा मिळाली ती तेव्हा. स्वमग्नता आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) एकाच मुलात असू शकतात, हेही तेव्हाच मान्य झालं; तोवर दोन्ही निदानं एकत्र देता येत नसत. खुणा लहानपणापासून असल्या तरी जगण्याचा ताण झेपेनासा झाल्यावरच त्या उघड दिसू शकतात, असंही लिहिलं गेलं. मुलाचं निदान ऐकता ऐकता चाळिशीतली आई स्वतःबद्दल विचारते, तेव्हा डॉक्टरांना आता तिला झटकून टाकता येत नाही.

आधाराची गरज किती, याच्या तीन पातळ्याही पुस्तकाने सांगितल्या. शांत घरातलं मूल आणि गणपतीच्या ढोल-ताशांपुढचं तेच मूल, दोघांची गरज सारखी नसते, हे ते मानतं. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ऑटिझम स्पेक्ट्रम आहे; दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर मात्र एकच टक्केवारी छापली जाते. तपासणीच्या दिवशी मूल किती तास, कसल्या गर्दीत ताटकळलं होतं, हेही त्या कागदावर लिहायची सोय हवी.