दुसऱ्या दिवशी येणारा थकवा

श्रमाचा आम्हां वसईकरांना मोठा अभिमान. पहाटे वाडीत उतरलेला माणूस दिवस कलल्यावर घरी येतो आणि त्याच्या घामावरून त्याची पारख होते. अशा समाजात एखादा धडधाकट दिसणारा तरुण भर दुपारी खाटेवर पडलेला दिसला, की घरच्यांच्या तोंडी एकच शब्द येतो : आळशी. करोनाची साथ ओसरून वर्षे लोटली, तरी हा शब्द घरभेटींच्या वेळी आमच्या कानी पडतोच. म्हणून हा लेखनप्रपंच.

२०२१ च्या एप्रिलमध्ये त्या आजाराने आम्हांलाही गाठले. रुग्णालयात जावे लागले नाही. ताप पाच दिवसांत उतरला. पुढे जून महिन्यात एका अंत्यविधीसाठी दफनभूमीपर्यंत चालत गेलो. त्या दिवशी काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मांड्या शिशाच्या झाल्या. मिस्साच्या वेळी प्रार्थनेसाठी पसरलेले हात मिनिटभरात थरथरू लागले. गुडघे टेकता येत, पण उठता येत नसे. वेदीसेवक मुलगा बिचारा खांदा पुढे करी. तीन दिवस असे गेले. नंतरही हे वारंवार घडले, आणि दर वेळी एक दिवस उशिरा. हृदयाचा आलेख निर्दोष, छातीचा फोटो स्वच्छ. एका डॉक्टरांनी ‘फादर, आता वय झाले’ म्हणून आमची बोळवण केली. नुकत्याच पन्नाशीत शिरलेल्या माणसाला हे निदान पचायला जरा जडच!

‘लाँग कोविड’ हे नाव डॉक्टरांनी दिलेले नाही. मे २०२० मध्ये एलिसा पेरेगो या इटालियन पुरातत्त्वज्ञ बाईंनी स्वतः आजारी असताना ते प्रथम वापरले. दुखणे ज्याचे, त्यानेच त्याला नाव द्यावे, हे आम्हांला योग्य वाटते.

हा थकवा मनाचा की देहाचा, या वादात हॉलंडमधील ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी मोलाची भर घातली. जानेवारी २०२४ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सायकलींच्या त्या देशात त्यांनी २५ रुग्णांना आणि २१ निरोगी माणसांना जागेवरची सायकल दमेपर्यंत चालवायला लावली. काम सुमारे १५ मिनिटांचे. त्याआधी आठवडाभर आणि त्यानंतर एका दिवसाने प्रत्येकाच्या मांडीच्या स्नायूचा सूक्ष्म तुकडा काढून तपासला. पेशीत ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका रुग्णांमध्ये मुळातच मंद होत्या. श्रमानंतर त्या अधिक मंदावल्या. स्नायूंत इजेच्या खुणा वाढल्या. लवकर थकणाऱ्या तंतूंचे प्रमाणही रुग्णांत अधिक आढळले. माणसे थोडी, हे खरे. पण सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेली इजा आळसाने होत नाही.

त्याआधी काही डॉक्टरांनी १० रुग्णांच्या रक्तवाहिन्यांत नळ्या घालून व्यायामाच्या वेळी प्राणवायूचा मागोवा घेतला होता. २०२२ मध्ये छापल्या गेलेल्या त्या अभ्यासात हृदयाची शक्ती कमी पडलेली दिसली नाही. स्नायूंकडे गेलेले रक्त बराचसा प्राणवायू तसाच घेऊन परतत होते. आमच्या वाडीकरांना हे सांगायला फार शब्द नकोत : पाट भरून वाहतो आहे, पण केळीच्या आळ्यात पाणी मुरत नाही. अशा वेळी रहाट जोराने फिरवून काय साधणार?

येथे एक भेद मात्र ध्यानी ठेवावा. जे आठवडेच्या आठवडे अतिदक्षता विभागात पडून राहिले, त्यांचे स्नायू न वापरल्यामुळे झिजले. त्यांना क्रमाक्रमाने वाढवलेला व्यायाम हेच औषध, आणि त्यांनी ते टाळू नये. ज्यांना श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आजार उलटतो, त्यांना तोच व्यायाम बाधू शकतो. याच्याशी बरेच साम्य असलेला दीर्घ थकव्याचा एक जुना विकार आहे. त्याच्या रुग्णांना ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा सल्ला देऊ नये, असे ब्रिटनच्या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने २०२१ मध्ये जाहीर केले.

मग करावे काय? खात्रीचे औषध अद्याप हाती नाही. शक्ती मोजून खर्च करावी, दमण्यापूर्वीच थांबावे, एवढेच काय ते साधन. ते ऐकायला सोपे, आणि आमच्यासारख्यांना पाळायला फार कठीण. आम्ही आता प्रवचन बसून देतो. घरभेटी दिवसाला दोन. तिसऱ्या घरचा चहा उद्यावर. काही वडीलधाऱ्या मंडळींना हे रुचलेले नाही, पण अंथरूण धरण्याची पाळी आता क्वचितच येते.

आमच्याच धर्मग्रामातील एक तरुण पूर्वी फुटबॉलच्या मैदानावर सर्वांच्या पुढे धावत असे. आज तो नळाची बादली उचलून आणतो आणि त्याची नोंद वहीत करतो. दुसऱ्या दिवशी अंग कसे आहे, तेही लिहितो. वही त्याच्या आईने आणून दिली. आंघोळीसाठी स्टूलही तिनेच ठेवले आहे. वडिलांचे अजून मन वळलेले नाही. गेल्या आठवड्यात मात्र त्यांनी ती वही मागून घेतली आणि चष्मा लावून ओसरीवर बराच वेळ वाचत बसले, असे ती सांगत होती.