श्रोता एक, कवी सात

मी पिंगळीचा, असं सांगितलं की पुण्या-मुंबईकडचा रसिक माणूस ताबडतोब म्हणतो, "हां हां, ते चित्रकथीवालं!" ते नव्हे. चित्रकथीवालं ते पिंगुळी, कोकणात, कुडाळजवळ. आमचं पिंगळी परभणी जिल्ह्यात. परभणीहून रेल्वेनं पूर्णेकडं निघालं की लागणारं पहिलं स्टेशन. एका उकाराच्या फरकानं त्यांच्या वाट्याला कला आली आणि आमच्या वाट्याला साहित्य मंडळ.

परभणीविषयी दोन म्हणी आहेत. "जगात जर्मनी, भारतात परभणी" ही आम्ही पाहुण्यांना ऐकवतो, आणि "बनी तो बनी, नहीं तो परभणी" ही पाहुणे आपसांत बोलतात. आमच्या मंडळाची स्थापना पहिल्या म्हणीच्या भरात झाली आणि कारभार दुसरीप्रमाणं चालला.

त्याचं असं झालं, १९९५ साली परभणीला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष नारायण सुर्वे. गिरणीत राबलेला माणूस संमेलनाचा अध्यक्ष होतो, मग आपण का मागं राहावं, असं पिंगळीतल्या सात जणांना एकाच वेळी वाटलं. परतीच्या गाडीत ठरलं, मंडळ काढायचं. गाडी स्टेशनात थांबेपर्यंत अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार नेमून झाले. सातही जण कवी होते. ही अडचण तेव्हा कुणाच्याच ध्यानात आली नाही.

बैठक शनिवारी संध्याकाळी, शाळेच्या एका खोलीत. बाकं लहान मुलांची, त्यामुळं कविता ऐकताना गुडघे हनुवटीला टेकत. लांबून बघणाऱ्याला आम्ही गंभीर चिंतनात बुडालेले वाटत असू. पहिल्यांदा कुणी वाचायचं, यावर अर्धा तास जाई. पहिला नंबर कुणालाच नको, कारण निम्मी मंडळी उशिरा येणार. शेवटचा तर मुळीच नको, कारण ज्याचं वाचून झालं त्याला हमखास घरी काम आठवे.

चर्चेची एक भाषाही हळूहळू ठरून गेली. "छान" म्हणजे ऐकलं नाही. "वेगळी आहे" म्हणजे कळली नाही. "आणखी थोडी आटवा" म्हणजे कविता बरी उतरली आहे आणि ते आम्हाला बघवत नाही.

अशा सात कवींना मिळून श्रोता एकच. आबा. वय सत्तरीचं, धोतर, मुंडासं, हातात काठी. पहिल्या बैठकीला दारातल्या बाकावर येऊन बसले आणि मग एक शनिवार चुकला नाही. डावा कान आमच्याकडं करून, डोळे मिटून ऐकत. मध्येच मान हलवत. ती मान कुणाच्या कोणत्या ओळीला हलली, यावर आमच्यात आठवडाभर वाद चाले. मंडळाच्या वहीत नोंद असे, "उपस्थिती : कवी सात, श्रोता एक."

मंडळाचे खरे चालक आमचे गुरुजी. निवृत्त शिक्षक, आणि बी. रघुनाथांचे भक्त. बी. रघुनाथ म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी, जन्म १९१३, तेव्हा आमच्याच जिल्ह्यात असलेल्या सातोन्याचे. परभणीत बांधकाम खात्यात नोकरी केली आणि ७ सप्टेंबर १९५३ रोजी, चाळिशीतच गेले. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूत, कचेऱ्या उर्दूत, आणि हा माणूस नोकरी सांभाळून मराठीत कविता, कथा, कादंबऱ्या लिहीत राहिला. गुरुजी दर सात सप्टेंबरला हे सगळं सांगत आणि शेवटी म्हणत, "त्यांना मराठीत लिही असं कुणी सांगितलं नव्हतं, तरी लिहिलं. तुम्हाला तर कुणी अडवलंही नाही. निदान ऱ्हस्व-दीर्घ तरी बघा!"

अशाच एका सात सप्टेंबरला मी माझी कविता वाचली. वडिलांवरची होती. माझ्या कॉलेजच्या फीसाठी त्यांनी चार एकर रान विकलं, त्याची. मी ती लिहून दोन वर्षं कुणाला दाखवली नव्हती. वाचून झाली. खोलीत कुणी बोलेना. माझाही घसा दाटून आला होता. तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "शेत खोडा."

"काय?"

"शेत हा शब्द खोडा आणि वावर लिहा. तुमचे वडील कधी 'शेतात जातो' म्हणाले का?"

नव्हते म्हणाले. जन्मभर वावरात गेले आणि एक दिवस वावर विकून आले. शेत हा शब्द मी पुस्तकातून आणला होता. वडिलांना जरा बरे कपडे घालून चारचौघांत न्यावं, तसा. गुरुजींचं म्हणणं खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच मी भडकलो. "माझ्या बापाबद्दल तुम्ही मला सांगू नका," असं म्हणालो आणि चहा अर्धा टाकून निघून आलो.

झालं. मंडळात दोन तट पडले, शेतपक्ष आणि वावरपक्ष. परभणीला जायला गाडीवर गेलो की गुरुजी फलाटाच्या एका टोकाला आणि मी दुसऱ्या. त्यांच्या नातवाच्या बारशाला मी गेलो नाही. माझ्या आईच्या आजारपणात ते आले नाहीत. वहीतली उपस्थिती चारवर आली, मग तीनवर. श्रोता मात्र एक, तो कायम. सहा महिन्यांनी चिटणिसांनी सगळ्यांना निरोप धाडला, "एकदा शेवटचं बसू आणि मंडळ रीतसर बंद करू." आमच्याकडं सुरू करताना कुणी रीत पाहत नाही, बंद करताना पाहतात.

सातही जण आलो. ठराव वाचला गेला. "कुणाला काही बोलायचं आहे का?" असं चिटणिसांनी विचारलं, तर दारातल्या बाकावरनं आबा उठले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"मला डाव्या कानानं कायबी ऐकू येत नाही," आबा म्हणाले. "उजव्यानं बी कमीच."

सात कवींच्या चेहऱ्यावर त्या क्षणी काय उमटलं, ते लिहायला आठवा कवी पाहिजे. इतक्या वर्षांचा आमचा एकुलता एक श्रोता बहिरा कान आमच्याकडं करून बसला होता!

"तुमच्या कविता मला कळल्या न्हाईत. भांडणं तेवढी कळायची, वरडून भांडता म्हनून," आबा पुढं म्हणाले. "ह्या गावात मानसं बांधावरून भांडतेत, हिरीच्या पान्यावरून भांडतेत, कोर्टात जातेत. माझं नि माझ्या भावाचं बांधापायी बोलनं तुटलं. बावीस वर्सं. तो गेला तवा त्याच्या दारात पाय ठिवला. तुमी मातर एका सबदापायी भांडायचे, आन् भांडून झालं की एकाच किटलीतला च्या प्यायचे. मी ते बघाया येत व्हतो. आता तुमी बी आमच्यावानीच करायले."

एवढं बोलून ते खाली बसले आणि सवयीनं डावा कान आमच्याकडं केला.

खोलीत कुणी हूं की चूं केलं नाही. चिटणीस ठरावाचा कागद उगाच उलटसुलट करत राहिले. मग गुरुजींनी किटली उचलली, दोन कप भरले आणि एक माझ्यापुढं सरकवला.

"घ्या," ते म्हणाले. "शेतातून आलात. दमला असाल."

मी कप घेतला. "वावरातून, गुरुजी," मी म्हणालो. "वावरातून आलो."

ठराव बारगळला. आईची चौकशी करायला गुरुजी त्याच रात्री घरी आले. मंडळाच्या कारभारात फरक पडला तो एकच. पुढच्या शनिवारपासून पहिल्या नंबराचं भांडण मिटलं आणि आबांच्या उजव्या हाताला कोण बसणार, याचं सुरू झालं.

ती कविता मी पुन्हा लिहिली. शेत खोडलं, वावर घातलं, आणि खरं सांगायचं तर त्या एका शब्दानं वडील कवितेत चालत आले. पुढल्या सात सप्टेंबरला मी ती पुन्हा वाचली. आबांनी मान हलवली, पण आता तिचा भाव उतरला होता. मी गुरुजींकडं पाहिलं. ते किटलीत डोकावून चहा किती उरला ते बघत होते.

"छान," ते म्हणाले.

छान म्हणजे काय, ते वर सांगितलंच आहे.